गळा आणि डोळा

मराठी भाषेने डोळ्यांवर जितके वाक्प्रचार रचले आहेत, तितके दुसऱ्या एखाद्या अवयवावर क्वचितच रचले असतील. डोळे वटारणे, डोळे फाडून पाहणे, डोळ्यांत खुपणे, डोळे पांढरे होणे, अशी यादी लांबतच जाईल. यांतील बहुतेकांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. डोळ्यांत जे दिसते ते मनातूनच आलेले असते, असे आपण समजतो. आमच्या पेडणे तालुक्यात जत्रेच्या रात्री दशावतारी नाटकातला राक्षस डोळे गरगर फिरवीत पुढे आला, की पहिल्या रांगेत बसलेली मुले आईच्या कुशीत शिरतात. मोठे, ताणलेले डोळे म्हणजे क्रोध, हा पाठ ती शाळेत नाव घालण्यापूर्वीच शिकलेली असतात.

परंतु विद्यार्थिमित्रहो, एखाद्याचे डोळे वटारलेले दिसावेत आणि त्याच्या मनात मात्र रागाचा लवलेशही नसावा, असेही घडते. असे घडविणारा एक विकार आहे. वैद्यकात त्याला थायरॉईड नेत्रविकार म्हणतात. दुखणे डोळ्यांत, आणि नाव मात्र गळ्यातल्या ग्रंथीचे! हे कोडे उलगडून सांगण्यासाठीच हा लेख लिहिला आहे. हे कोडे न उलगडल्यामुळे अनेक घरांत महिनोन्‌महिने फुकट जातात, आणि क्वचित एखाद्याची दृष्टीही जाते.

प्रथम त्या ग्रंथीची ओळख करून घेऊ. गळ्याच्या पुढील बाजूस, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला मराठीत अवटु ग्रंथी म्हणतात. बोलण्यात आता थायरॉईड हाच शब्द रूढ झाला आहे. तिचे वजन जेमतेम २० ग्रॅमच्या आसपास. अन्नातून आलेले आयोडीन वापरून ती थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते आणि ते रक्तात सोडते. शरीराच्या चुलीचा जाळ किती ठेवावयाचा, हे या संप्रेरकावर अवलंबून असते. ते अधिक झाले की छाती धडधडते, हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते, आणि पोटभर जेवूनही माणूस वाळत जातो. ते कमी पडले की उलट घडते. आळस, थंडी, कोरडी त्वचा, वाढते वजन.

ही ग्रंथी स्वतंत्र कारभार करीत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तिला हुकूम पाठवीत असते. त्या हुकुमाचे वाहक असलेले संप्रेरक म्हणजे टीएसएच. रक्ततपासणीच्या कागदावर ही तीन-चार अक्षरे अनेकांनी आपल्या घरात पाहिली असतील. रक्तात थायरॉक्सिन वाढले की पीयूषिका हुकूम आखडता घेते, कमी झाले की हुकूम वाढवते. शाळेची घंटा जशी मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून शिपाई वाजवितो, तसाच हा प्रकार आहे.

आता समजा, मुख्याध्यापक गप्प बसले आहेत, त्यांनी घंटा वाजविण्यास सक्त मनाई केली आहे, आणि तरीही कोणी बाहेरचा इसम आवारात शिरून घंटा बडवीतच राहिला आहे. ज्या विकाराविषयी आपण बोलत आहोत त्यात नेमके असेच होते. त्या विकाराला ग्रेव्ह्ज यांचा विकार म्हणतात. डब्लिन शहरातील वैद्य रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. इंग्लंडातील बाथ येथील केलेब पॅरी यांनी ते त्याहीपूर्वी टिपून ठेवले होते. पण त्यांचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर, १८२५ साली, छापले गेले. जर्मनीतील मेर्सेबुर्ग गावचे कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० साली गळ्याची गाठ, छातीची धडधड आणि बाहेर आलेले डोळे या तिन्ही गोष्टींची सांगड स्पष्टपणे घातली. युरोपच्या पुष्कळ देशांत आजही हा विकार बासेडो यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या सुश्रुतसंहितेत गलगंडाचे वर्णन आहे; परंतु गळा आणि डोळा यांचा हा संबंध जुळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

तरी घंटा बडविणारा तो बाहेरचा इसम कोण, हे पुढची शंभराहून अधिक वर्षे कोणास ठाऊक नव्हते. पीयूषिका ग्रंथीच अधिक हुकूम पाठवीत असेल, असा तर्क होता. १९५६ साली न्यूझीलंडमधील डनेडिन येथे ॲडम्स आणि पर्व्हस या दोन संशोधकांनी रुग्णांचे रक्तद्रव्य गिनीपिग या प्राण्यांना टोचून पाहिले. टीएसएचचा परिणाम लौकर ओसरतो. रुग्णांच्या रक्तातील द्रव्याचा परिणाम मात्र कितीतरी अधिक वेळ टिकला. म्हणजे ते टीएसएच नव्हते. पुढे असे सिद्ध झाले की, ते एक प्रतिपिंड आहे. रोगजंतूंशी लढण्यासाठी आपले शरीर प्रतिपिंडे तयार करते, हे आपण शास्त्राच्या पुस्तकात वाचतो. येथे मात्र रक्षकच घरच्यांवर उलटलेला असतो. टीएसएचसाठी अवटु ग्रंथीच्या पेशींवर जे कुलूप बसविलेले असते, त्यात हे प्रतिपिंड बनावट किल्लीसारखे नेमके बसते, आणि ग्रंथी काम करीत सुटते. म्हणूनच अशा रुग्णाच्या कागदावर थायरॉक्सिन भरमसाट आणि टीएसएच जवळजवळ शून्य, असा चमत्कारिक हिशेब दिसतो. मुख्याध्यापक गप्प आहेत आणि घंटा चालूच आहे!

एवढे कळले की डोळ्याचे कोडे अर्धे सुटलेच. तेच कुलूप डोळ्यामागील काही पेशींवरही असते. त्याच्या जोडीला आणखी एक कुलूप असते, आणि ती दोन्ही मिळून त्या पेशींना चेतवितात. चेतविलेल्या पेशी हायलुरॉनिक आम्ल नावाचा चिकट पदार्थ मोठ्या प्रमाणावर बनवू लागतात. हा पदार्थ पाणी धरून ठेवतो. उन्हाळ्यात सरबतात घालण्यासाठी चमचाभर सब्जा पाण्यात टाकला की घटकाभरात त्याचे केवढे होते, हे तुम्ही पाहिलेच आहे. डोळ्यामागील मांस आणि चरबी त्याच रीतीने फुगते. डोळा हलविणारे स्नायू जाड होतात, चरबीही वाढते.

आता खोबणीची रचना ध्यानात घ्या. डोळ्याची खोबण चारी बाजूंनी आणि मागूनही हाडाची आहे. उघडी आहे ती फक्त पुढून. तिच्यात सुमारे ३० घन सेंटिमीटर जागा असते, आणि तीत सुमारे ७ घन सेंटिमीटर नेत्रगोल. उरलेल्या जागेत स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या आणि दृष्टीची नस दाटीवाटीने राहतात. पाहावयाचे असेल तर नारळाच्या करवंटीत कोरडा स्पंज घालून त्यावर चेंडू ठेवा आणि स्पंजावर पाणी ओता. स्पंज फुगतो, हाड हलत नाही, चेंडू वर येतो. डोळा बाहेर येतो तो असा. चार-पाच घन सेंटिमीटरची वाढ झाली, म्हणजे एका लहान चमच्याएवढी, तरी डोळा कित्येक मिलिमीटर पुढे सरकलेला सहज दिसून येतो.

याशिवाय वरची पापणी वर ओढली जाते. एरवी बुबुळाच्या वरच्या कडेवर पापणी थोडी उतरलेली असते. येथे ती वर सरकून बुबुळाच्या वर पांढऱ्याची पट्टी दिसू लागते. तीच ती ‘वटारलेली’ नजर. पापण्या पुरत्या मिटत नाहीत, त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, आणि गंमत अशी की, कोरडेपणामुळेच त्यांतून पाणी वाहू लागते. सकाळी पापण्या सुजलेल्या असतात. स्नायू ताठरले तर दोन्ही डोळे एका दिशेने वळत नाहीत आणि एकाचे दोन दिसू लागतात.

ओळखीच्या एका घरातील हकीकत येथे सांगणे उचित होईल. चाळिशीच्या आतबाहेरच्या एका वहिनींची नजर वर्षभरात बदलली. सासूबाईंना वाटे, सून आताशा डोळे वटारून उत्तर देते. वहिनी चिडखोरही झाल्या होत्या, त्यामुळे त्या समजुतीला बळकटी आली. (थायरॉक्सिन वाढले की चिडचिड वाढते, हे तेव्हा घरात कोणास सांगणार कोण?) नंतर डोळे लाल होऊन पाणी गळू लागले, तेव्हा रागाची जागा काळजीने घेतली. ज्याला कोकणीत आपण ‘दिश्ट’ म्हणतो ती लागली असावी, म्हणून त्याच सासूबाईंनी मीठ आणि मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. पुढे डोळे आले असावेत म्हणून थेंब झाले, मग चष्म्याचा नंबर बदलून झाला. शेवटी म्हापशाच्या एका डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी धरण्याआधी मनगट हातात घेतले, नाडीचे ठोके मोजले, आणि हात पुढे करून बोटे ताणून धरावयास सांगितले. बोटे थरथरत होती. रक्ततपासणीचा कागद आला तो वर सांगितलेल्या हिशेबाचा. त्या घरात कोणीही वाईट नव्हते. सासूबाईंनी मिरच्या ओवाळल्या त्या मायेनेच. पण आठ महिने गेले ते गेलेच.

येथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे. गळ्यातली ग्रंथी काबूत आली की डोळे आपोआप पूर्ववत होतील, असे बहुतेक रुग्णांना वाटते, आणि तसे झाले नाही की ते औषधाला दोष देतात. वस्तुतः ग्रंथीने डोळ्याला बिघडविलेले नसते. एकाच प्रतिपिंडाने दोघांवर निरनिराळे हल्ले केलेले असतात. ती एका आईची दोन लेकरे आहेत. एकाचा ताप उतरला म्हणून दुसऱ्याचा उतरेलच असे नाही. ग्रेव्ह्ज विकार झालेल्या शंभर जणांपैकी सुमारे २५ ते ४० जणांच्या डोळ्यांत या नेत्रविकाराची लक्षणे दिसतात. बहुतेकांत तो सौम्य असतो. शंभरांत तीन ते पाच जणांच्याच दृष्टीला धोका पोहोचतो. कधी गळा आधी बिघडतो, कधी डोळा आधी, बहुधा दोहोंत वर्ष-दीड वर्षाहून अधिक अंतर नसते. आणि सुमारे दहांपैकी एका नेत्ररुग्णात थायरॉक्सिन वाढलेले नसतेच. ते अगदी प्रमाणात असते, किंवा कमीही असते. १९१२ साली जपानमधील हाकारू हाशिमोतो यांनी ज्या विकाराचे वर्णन केले, ज्यात ग्रंथी हळूहळू मंदावते, त्यातही क्वचित डोळे असे बाहेर येतात. तेव्हा टीएसएच प्रमाणात आले म्हणजे डोळ्याचा विकार नाहीच, असा निर्वाळा देता येत नाही. त्यासाठी प्रतिपिंडांची निराळी तपासणी असते.

स्त्रियांत हा विकार पुरुषांच्या कितीतरी पट अधिक आढळतो. पुरुषांना झाला तर मात्र तो बहुधा अधिक तीव्र असतो. थोरामोठ्यांचीही यातून सुटका नाही. अमेरिकेचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांच्या पत्नी बार्बरा यांना १९८९ साली ग्रेव्ह्ज विकार झाल्याचे निदान झाले आणि त्यांच्या डोळ्यांना बराच त्रास झाला. १९९१ साली हाच विकार खुद्द अध्यक्षांनाही झाला. त्यांचे मात्र हृदयाचे ठोके चुकू लागले. एकच विकार, एकाच घरात, एकाला डोळ्यांत आणि दुसऱ्याला छातीत!

आता मिठाविषयी. गळ्यावर सूज दिसली की लोक आयोडीनचे नाव घेतात, आणि त्यात तथ्यही आहे. हिमालयाच्या पायथ्याशी गलगंड घरोघर असे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात काही भागांना आयोडीनयुक्त मीठ आणि एका भागाला साधे मीठ देऊन पाहिले. सहा वर्षांत आयोडीनच्या भागांतील गलगंड स्पष्टपणे घटला. १९६२ साली सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला. आपल्याकडे कोणी म्हणेल, ‘आम्ही समुद्रकाठचे लोक, आगरवाड्याच्या मिठागराचे मीठ खातो, आम्हांस आयोडीन कशाला?’ त्यासाठी एक त्रैराशिक सोडवू. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन सुमारे ६० मायक्रोग्रॅम. सर्वच्या सर्व आयोडीन मिठात उतरले असे धरले, तरी १० ग्रॅम मिठात ते १७ मायक्रोग्रॅम येईल. प्रत्यक्षात त्यातलेही बरेचसे निथळून गेलेल्या पाण्याबरोबर जाते. मोठ्या माणसाची रोजची गरज आहे १५० मायक्रोग्रॅमची. आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पडताना दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे, असा नियम आहे. म्हणजे १० ग्रॅमला बरोबर १५०. समुद्रातल्या नुस्त्यात आयोडीन असते हे खरे, पण मिठागरातल्या खड्यात ते असल्याचा अभिमान बाळगण्यात अर्थ नाही.

तथापि आपल्या विषयाशी या मिठाचा संबंध उलटा आहे. आयोडीनच्या अभावाने गळा सुजतो, परंतु डोळे बाहेर येत नाहीत. डोळे बाहेर आणणारा गलगंड निराळा, प्रतिपिंडांचा. तेथे ग्रंथी आधीच बेफाम झालेली असल्यामुळे आयोडीनचे अर्क किंवा समुद्रशेवाळाच्या गोळ्या आपल्या मनाने घेणे म्हणजे पेटत्या चुलीत आणखी सोडणे सारण्यासारखे आहे. स्वयंपाकातले नेहमीचे मीठ चालू ठेवण्यास हरकत नसते.

सारण्याचा विषय निघाला आहे, तर तंबाखूच्या धुराविषयीही सांगितले पाहिजे. या विकारात जे धोके माणसाच्या हातात आहेत, त्यांत सर्वांत मोठा धोका धूम्रपानाचा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत नेत्रविकार अधिक प्रमाणात होतो, अधिक तीव्र होतो, आणि उपचारांना कमी दाद देतो. इतक्या स्वच्छपणे सिद्ध झालेली गोष्ट वैद्यकात थोडीच असते. घरात आईला हा विकार असेल आणि वडील पडवीत बसून विड्या ओढीत असतील, तर त्यांना ही ओळ वाचून दाखविण्यास मुलांनी संकोच करू नये.

उपचारांकडे वळू. ग्रंथीला आवर घालण्यासाठी कार्बिमाझोलसारख्या गोळ्या असतात, शस्त्रक्रिया असते, आणि तिसरा मार्ग किरणोत्सर्गी आयोडीनचा. ग्रंथी आयोडीनची भुकेली असते, याचाच येथे लाभ घेतात. रुग्णाला किरणोत्सर्गी आयोडीन पाजले की ते बहुतांशी ग्रंथीतच जाऊन बसते आणि तिच्या पेशी नष्ट करते. दर आठ दिवसांनी त्याचा जोर निम्मा होतो. आपल्याकडे या कामाचे आद्य केंद्र मुंबईत परळ येथे १९६३ साली सुरू झाले. भाभा अणुसंशोधन केंद्राचे हे किरणोत्सर्ग वैद्यक केंद्र टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुरवणी इमारतीत आहे. ‘टाटाला पाठविले’ एवढे ऐकताच कोकणात आणि गोव्यात घरची माणसे रडू लागतात. परंतु त्या इमारतीची पायरी चढणारा प्रत्येक जण कर्करोगाचाच रुग्ण असतो असे नाही.

मात्र या उपायाने काही रुग्णांचे डोळे बिघडतात. इटलीतील संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नुसते किरणोत्सर्गी आयोडीन दिलेल्यांपैकी शेकडा १५ रुग्णांत नेत्रविकार उद्भवला किंवा वाढला. सोबत स्टेरॉईड दिलेल्यांत तसे झाले नाही. म्हणून हा उपाय योजण्यापूर्वी डोळे तपासून घेतले पाहिजेत. उपचारानंतर थायरॉक्सिन कमी पडू लागले, तर तेही डोळ्यांना बाधते. तेव्हा रक्ततपासणीची तारीख चुकवू नये.

डोळ्याच्या विकाराचा एक स्वतःचा क्रम असतो. आधी सहा महिने ते दोन वर्षे तो पेटलेला असतो, मग आपोआप निवतो. पेटलेल्या काळात कृत्रिम अश्रूंचे थेंब, उन्हात काळा चष्मा, झोपताना उंच उशी, एवढ्यावर सौम्य रुग्णाचे भागते. विकार जोरात असेल तर स्टेरॉईड शिरेतून देतात, बहुधा आठवड्याला एक याप्रमाणे बारा आठवडे. निवल्यानंतर उरलेले वैगुण्य शस्त्रक्रियेने दूर करता येते, आणि तिचा क्रम ठरलेला आहे. आधी खोबणीचे हाड कोरून जागा करणे, मग तिरळेपणा काढणे, शेवटी पापण्या. हा क्रम उलटविला तर आधीचे काम पुढच्या कामाने बिघडते.

एका प्रसंगी मात्र विकार निवण्याची वाट पाहावयाची नसते. खोबणीच्या टोकाशी, जेथे जागा सर्वांत अरुंद असते, तेथे फुगलेले स्नायू दृष्टीच्या नसेला चेपू लागतात. याची चाहूल रंगांवरून लागते. एक डोळा झाकून जास्वंदीचे लाल फूल पाहावे, मग दुसरा झाकून पाहावे. एका डोळ्याला ते लालबुंद आणि दुसऱ्याला फिकट, विटकरी दिसले, किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागासारख्या ठिकाणी गेले पाहिजे. डोळा फारसा बाहेर न येताही असे होऊ शकते. उलट डोळा पुढे सरकू न शकल्यानेच आतला दाब अधिक वाढतो.

अलीकडे डोळ्यामागील त्या दुसऱ्या कुलुपालाच बंद करणारे एक औषध निघाले आहे. टेप्रोट्युमुमॅब असे त्याचे लांबलचक नाव. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुष्कळ रुग्णांत बाहेर आलेला डोळा त्याने शस्त्रक्रियेवाचून मागे सरतो. पण किंमत प्रचंड, आणि काही रुग्णांत रक्तातील साखर वाढते, काहींना ऐकू कमी येऊ लागते. म्हणून हे औषध चालू असताना डोळ्यांबरोबर कानांचीही तपासणी करीत राहावी लागते.